गोल तलावाचा ज्वालामुखी

१२ फेब्रुवारी

निरोप समारंभात शाळेनं शाल, नारळ आणि ही डायरी दिली. बत्तीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला याहून वेगळं काही द्यावं, हे त्या स्टाफरूमला सुचणं शक्य नव्हतं. दोन वर्षं डायरी कोरी राहिली, कारण आमच्या गावात लिहून ठेवावं असं काही घडत नाही. धान रोवतात, धान कापतात आणि मधल्या काळात दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलतात.

आज मात्र घडलं. शाळेच्या रद्दीतून वाचवून आणलेली जुनी मासिकं चाळत होते. एका पानावर जर्मनीतल्या एका तलावाचा फोटो. ताटासारखा गोल, भोवती मातीचं ठेंगणं कडं. त्याला तिकडं 'मार' म्हणतात. जमिनीखालून तप्त शिलारस वर येतो, वाटेत भूजल लागतं, पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि जमीन फुटते. लाव्हा वाहत नाही, डोंगर उभा राहत नाही, फक्त खड्डा पडतो. उडालेली राख आणि दगडगोटे त्या खड्ड्याभोवती थराथरानं साचतात. पुढं खड्ड्यात पाणी भरतं.

चहा तसाच ठेवून तलावावर गेले. आमचा गोल तलाव. तीन बाजूंना पार, म्हणजे पुस्तकं ज्याला बांध म्हणतात तो, आणि चौथ्या बाजूला डोंगरी. पूर्वेला जरा चपटा आहे, पण चपटी तर पृथ्वीसुद्धा आहे. पाराला लागलेली एवढी माती कुठून आणली म्हणावं, तर आसपास खोदल्याची एक खूण नाही. केशोरीपासून अर्जुनीपर्यंत कुणाच्या डोक्यात हा प्रश्न कधी आला नाही. कारण डोकं फक्त टोपल्या वाहायला दिलंय असा इथं समज आहे.

दसऱ्याला तलावाची पूजा होते. पहिला नारळ माझ्या धाकट्या भावाच्या, केवळरामच्या हातून, कारण आमच्या गहाणे घराण्याच्या मूळपुरुषानं म्हणे हा तलाव बांधला. केवळराम सातवी नापास. मी एम.ए., बी.एड. नारळ त्याच्या हातात आणि मी मागं बायकांमध्ये उभी. या गोष्टीचा आजच्या शोधाशी काही संबंध नाही. आठवली म्हणून लिहिली.

१३ फेब्रुवारी

केवळरामला सांगितलं. तो अंगणात विळा घासत होता. निम्मं ऐकून म्हणाला, "बाई, पाराची माती चिकन हाये. ज्वालामुखीनं चिकन माती आनली कुठून?"

"मग तुझ्या मूळपुरुषानं कुठून आणली?"

"तलावातूनच. तळ खोदला, पार भरला."

तळ खोदला म्हणे. जणू हा स्वतः हजेरी घेत होता. मी म्हटलं, तळ खोदून निघालेल्या मातीचा हिशेब कधी मांडला आहेस का. तर म्हणाला, "हिशेब कायले मांडू, पानी तर थांबूनच राहिलं ना." विळा घासणं त्यानं एकदाही थांबवलं नाही.

मागच्या दोन खोल्यांत मी वेगळी राहते, तरी सकाळचा डबा गंगा, म्हणजे केवळरामची बायको, आणून ठेवते. आज पोपटीच्या शेंगांची भाजी होती. तिला मी मार म्हणजे काय ते समजावलं. "हो बाई," म्हणाली आणि कालचा डबा घेऊन गेली. ही बाई आयुष्यात 'हो बाई' याखेरीज काही बोलली असेल तर मी ऐकलेलं नाही.

५ मार्च

सरपंच लखनलाल टेंभरे घरी आले. मी दोन आठवड्यांपूर्वी ग्रामपंचायतीत दिलेला चार पानी टिप्पणीचा कागद त्यांनी वाचला नव्हता, सचिवानं सांगितलं तेवढं ऐकलं होतं.

"मॅडम, ये तो सोना है," म्हणाले. "नागझिऱ्याले वाघ पाहाले येतात, नवेगावले पक्षी पाहाले येतात. आपल्याकडं कायले येतील? आता येतील. फक्त एक सांगा, हा ज्वालामुखी चालू आहे का बंद?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वी एकदाच फुटला."

"पुन्हा फुटण्याचा थोडा चान्स? बोर्डावर लिहाले बरं दिसते."

या माणसाला गावानं दोनदा निवडून दिलं आहे. तरीही तो एकटाच असा आहे की ज्यानं मला खुर्ची दिली, म्हणजे माझ्याच घरात मलाच बसा म्हणाला. डोंगरीतल्या दगडाचे तीन तुकडे मी तपासणीला नागपूरला पाठवते आहे. रेणू कापगते तिथल्या कॉलेजात भूशास्त्र शिकवते. माझीच विद्यार्थिनी. आठवीत तिला नकाशावर उत्तर दिशासुद्धा सापडत नसे.

२७ मार्च

रेणूचा फोन. दगड ज्वालामुखीचाच आहे. रायोलाइट.

दुपारी लगेच ग्रामपंचायतीत जाऊन सांगितलं. फोनवर रेणू पुढं बरंच काही बोलत होती, दोनशे-अडीचशे कोटी वर्षं, झीज, दगडाचं वय वेगळं आणि तलावाचं वय वेगळं, असं. शिकलेल्या मुलींना एका वाक्यात 'बाई, तुम्ही बरोबर होता' असं म्हणता येत नाही. मे महिन्यात येऊन प्रत्यक्ष पाहते म्हणाली. ये म्हटलं.

२० एप्रिल

फलक लागला. 'प्राचीन ज्वालामूखी सरोवर'. मी दिलेल्या मजकुरात 'मु' ऱ्हस्व होता. रंगाऱ्याला विचारलं तर म्हणाला, दीर्घ भारी दिसते. डबा आणणाऱ्या गंगालाही मी ऱ्हस्व म्हणजे काय ते ऐकवलं, ती "हो बाई" म्हणाली.

अर्जुनीहून दोन वार्ताहर, पंचायत समितीचे तीन लोक, आणि फुकटच्या आलूपोह्यांसाठी अर्धं गाव. माझं भाषण पंधरा मिनिटं झालं. पहिल्या पाच मिनिटांनंतर सगळे पाण्याकडं पाठ करून फोटो काढत होते. एका वार्ताहरानं विचारलं, पाणी गरम आहे का. मी सांगितलं, हात घालून बघा. त्यानं खरंच घातला.

केवळराम आला नाही. पाराच्या दुसऱ्या टोकाला तो बेशरमीची झुडपं उपटत होता, सगळ्यांना दिसेल असा. मुद्दाम. हे काम तो उद्या करू शकला असता. नंतर लखनलालनी विचारलं, तुमचे भाऊ नाराज आहेत का. मी म्हटलं, ज्याच्या घराण्याची कीर्ती वाफेबरोबर उडाली तो नाराज होणारच. लोक हसले. रात्री जेवताना हे वाक्य आठवून मला विशेष बरं वाटलं नाही, कारण घराणं माझंही तेच आहे. पण सत्याला घराणं नसतं.

४ मे

रेणू आली. पायांत बूट, डोक्यावर टोपी, हातात हातोडी. सबंध पार चालून आली, बाहेरच्या अंगाची माती चिमटीत घेतली आणि चक्क दाताखाली धरली. मग म्हणाली, "बाई, ही राख नाही. ही मळलेली माती आहे."

"मळलेली म्हणजे?"

"तुडवलेली. शिवाय मारचं कडं दोनशे कोटी वर्षं टिकत नाही. दोन-चार लाख वर्षांत पावसानंच सपाट होतं. दगड ज्वालामुखीचा आहे हे खरं, पण तलाव माणसांनी केलाय."

मी तिला विचारलं, आत न बघता हे कसं म्हणतेस. ती म्हणाली, खात्री करायची तर छेद घेऊन थर बघावे लागतील, "पण पाराला हात लावू नका, पावसाळा तोंडावर आहे. जमिनीतून बघण्याची यंत्रं असतात, मी दिवाळीनंतर आणते." दिवाळीनंतर. या लोकांचं विज्ञान नेहमी दिवाळीनंतर असतं.

याहून वाईट म्हणजे तिला खरी गोडी लागली ती केवळरामच्या तुडुमात. तुडूम म्हणजे तलावातून शेतात पाणी सोडायचं दगडी तोंड. तासभर ती त्याच्याबरोबर तिथं वाकून उभी होती. तो हातवारे करून सांगतोय आणि ही वहीत काढतेय. माझ्याकडं शिकत असताना हिनं इतकी वही कधी भरली नाही. दुपारी गंगाच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवली आणि जाताना केवळरामच्या पाया पडली. माझ्याही पडली, पण त्याच्यानंतर.

छेद घ्यायला हवा, हे मात्र तिचं बरोबर आहे.

१९ मे

घेतला.

केवळराम आणि गंगा कालपासून लग्नाला साकोलीला गेले आहेत. लखनलालचा जेसीबी रस्त्याच्या कामावर होताच. सकाळी नऊ वाजता पाराच्या बाहेरच्या अंगानं कापायला सुरुवात केली, साडेदहाला संपलं. दीड पुरुष खोल, दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढा रुंद, पाण्याकडची बाजू तशीच ठेवून. पाणी आता तळाला गेलेलं आहे, त्यामुळं धोका काही नाही. चालवणाऱ्यानं दोनदा विचारलं, "केवळभाऊले माहीत हाये ना?" मी म्हटलं, तलाव केवळभाऊचा नाही, सरकारचा आहे.

आणि थर दिसले.

मी खाली उतरले आणि हात लावून मोजले. काळपट, पिवळा, काळपट, पिवळा. अकरा थर, प्रत्येक जवळजवळ एक वीत. अकरा स्फोट. मासिकात लिहिलं होतं तसेच, एकावर एक. बत्तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढलेल्या गोष्टीला मी आज पहिल्यांदा हात लावला. हे सांगायला आसपास जेसीबीवाला सोडून कुणी नव्हतं, आणि तो तंबाखू मळत होता.

२० मे

आज आणखी मोठा पुरावा. थर नखानं उकरत होते तर काच लागली. नैसर्गिक काच, ज्वालामुखीच्या तापातून होते ती. नऊ तुकडे मिळाले, काही एकाच थरात जवळजवळ, काही वेगळ्या थरांतून. हिरवे, काळे, एक पिवळसर. सगळे करंगळीच्या पेराएवढे, सगळे किंचित वाकलेले, सगळ्यांची जाडी सारखी. वितळलेला रस हवेत उडताना असाच वाकत असणार. निसर्गाची शिस्त बघून थक्क व्हायला होतं.

रेणूला फोटो पाठवला. तिनं तीन वेळा फोन केला, मी उचलला नाही. आता कळेल.

संध्याकाळी गंगा-केवळराम परतले. गंगा डबा घ्यायला आली तेव्हा टेबलावरच्या कागदावर तुकडे मांडलेले होते. तिनं एक उचलला, उजेडाकडं धरला. "बाई, हे तं..." असं काहीतरी बोलू लागली. मी तिला तिच्या चुलीवरच्या भाताची आठवण करून दिली आणि तुकडा काढून घेतला. दिसेल ते हाताळायची सवय.

२२ मे

केवळराम काल सकाळी पारावर गेला आणि दुपारपर्यंत त्या छेदासमोर बसून होता. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर मला उत्तरं तयार होती. दुपारी माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, कोनाले विचारून कापला?"

"सरपंचांची परवानगी होती."

"पार कापला का पानी वाट धरते. वरून माती लोटून ती वाट बंद होत नाई. थर थर तुडवून भरा लागते. मले आठ दिवस अन् वीस मानसं पायजेत."

लखनलालनी नाही म्हटलं. जिल्ह्याहून साहेब पाहायला येणार आहेत, तोवर छेद उघडा हवा, वरून ताडपत्री टाकू. मीही तेच म्हटलं. केवळराम म्हणाला, "ठीक हाये," आणि गेला. त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. डबा मात्र येतोच.

१६ जून

साहेब आले नाहीत. दोनदा तारीख दिली. ताडपत्री वाऱ्यानं उडाली, लखनलालनी दुसरी टाकली, तीही निम्मीच.

मी रोज संध्याकाळी छेद बघायला जाते. थरांसाठी नव्हे, असंच. आज वाटलं, थर जरा जास्तच सारखे आहेत. अकरा स्फोट आणि प्रत्येकाची एक वीत. नंतर मनातून काढून टाकलं. शंका ही केवळरामसारखी असते, काही बोलत नाही, नुसती दारात उभी राहते.

१५ जुलै

चार दिवस संततधार. तलाव निम्म्याच्या वर. आज सकाळी छेदाच्या तळाशी ओल दिसली. पावसाचीच असेल.

१७ जुलै

हे आज लिहिते आहे, कारण काल हात मिटत नव्हते.

काल सकाळी सहाला गेले तर छेदाच्या तळातून बोटभर धार येत होती. गढूळ. स्वच्छ पाणी पाझरलं तर भ्यायचं नाही, गढूळ आलं तर पार आतून वाहून जातो आहे, हे मला माहीत होतं. पुस्तकात आहे. मी ते परीक्षेत दोन गुणांसाठी विचारत असे. पाराखाली चाळीस घरं आणि नुकत्या रोवलेल्या धानाच्या बांध्या.

मी पळत केवळरामकडं गेले. पायात चप्पल नव्हती हे नंतर कळलं. तो दात घासत होता. मी फक्त "गढूळ" एवढंच म्हटलं. त्यानं चूळ भरली, फावडं घेतलं आणि गंगाला म्हणाला, "बायांले बोलाव." पुरुषांना नव्हे, बायांना. मला त्याही घाईत ते खटकलं.

लखनलालना फोन केला. ते म्हणाले, साहेबांना कळवतो. तासाभरानं म्हणाले, साहेब मीटिंगमध्ये आहेत. जेसीबी देवरीला गेला होता, आणि असता तरी ओल्या पारावर चढला नसता.

बाया रोवणीवरून तशाच आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, लुगड्यांचे ओचे खोचलेले. तीस-पस्तीस जणी. पुरुष तुडूम पूर्ण उघडून पाणी कमी करायला आणि माती खणायला गेले. बायांनी दोन ओळी केल्या. घमेलं हातातून हातात, डोक्यावरून डोक्यावर. केवळराम छेदात उभा राहून सांगत होता. आधी चिकण माती. तुडवा. आता मुरूम. तुडवा. पुन्हा चिकण. "बितीपेक्षा जाड नको, बितीभरच."

बितीभर म्हणजे एक वीत.

मी ओळीत उभी होते, गंगा आणि मासे धरणाऱ्या एका ढिवराच्या सुनेच्या मध्ये. माझ्या डोळ्यांसमोर काळपट थर पडला, त्यावर पिवळा, त्यावर काळपट. बाया त्यात दोघी-दोघींनी तुडवत होत्या, एकमेकींच्या खांद्यांना धरून, कारण निसरडं होतं. कुणी गाणं वगैरे म्हणत नव्हतं, धापा टाकत होत्या. तिसऱ्या थराला गंगानं मला घमेलं दिलं तेव्हा काठ तिच्या मनगटावर आपटला. बांगडी फुटली. हिरवा तुकडा मातीत पडला आणि थोडं रक्तही. मी खाली वाकले.

"राहू द्या बाई," गंगा म्हणाली. "थर थांबला नाई पायजे."

वरून दुसरं घमेलं पडलं. त्यावर पाय पडले. तुकडा आत गेला.

मी पुढचं घमेलं घेतलं. दुपारी दोनला धार थांबली. चारपर्यंत आम्ही वरपर्यंत आणलं. तोवर आणखी किती जणींच्या फुटल्या हे मी मोजलं नाही. अकरा थर मात्र मोजले होते आणि त्यांना अकरा स्फोट म्हटलं होतं.

१८ जुलै

कपाटातून ते नऊ तुकडे काढले. हिरव्यातले चार एकाच बांगडीचे निघाले. कागदावर जोडून ठेवले तर अर्ध्याहून जास्त वर्तुळ होतं. बाकीचं पेन्सिलीनं पुरं केलं. त्यातून माझी जोडलेली तीन बोटं जात नाहीत. ज्या हातात ती होती तो हात दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा असणार.

निसर्गाची शिस्त असं मी वर लिहिलं आहे. पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. एवढा मूर्खपणा शाईनं लिहिलेला सहसा सापडत नाही, राहू दे.

गंगा डबा घेऊन आली. मनगटाला फडकं. तिनं कागदाकडं पाहिलं.

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलूनच राहिली होती. तुमी मनल्या, भात लागून राहिला असन." ती डबा ठेवून म्हणाली, "अन् खरंच लागला होता."

३ ऑगस्ट

चौकशीला उपअभियंता आले. ग्रामपंचायतीत सभा. लखनलालनी निवेदन वाचलं, 'अज्ञात इसमांनी मुरमाच्या लोभानं पाराची नासधूस केली.' त्यांनी मला कालच सांगून ठेवलं होतं, मॅडम, तुम्ही गप्प राहा, तुमचं नाव कुठं येत नाही. सचिवानं मान हलवली, सदस्यांनी मान हलवली. फलक तर आदल्या दिवशीच गायब झाला होता, मोठ्या अक्षरांसकट. या लोकांना तलाव सांभाळता येत नाही, पण खोटं मात्र एकमेकांच्या हातात न सांडता देतात.

खरं सांगायचं तर मी गप्प बसणार होते. साठीनंतर पोलिसात नाव, पेन्शनची चौकशी, हे सगळं मनात आलं. केवळराम मागं भिंतीशी उभा होता. तोही काही बोलणार नव्हता, हे मला दिसत होतं. माझ्यासाठीच.

त्याचं ते गप्प राहणं मला सहन झालं नाही. उठले. "अज्ञात इसम मी आहे," म्हटलं. "जेसीबी सरपंचांचा, अक्कल माझी."

अभियंत्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुम्ही शिक्षिका ना?"

"भूगोलाच्या."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. जबाब लिहून घेतला, सही घेतली, नोटीस येईल म्हणाले. लखनलाल माझ्याकडं असे बघत होते, जणू मी त्यांच्या ताटात थुंकले. वर्तमानपत्रालाही पत्र लिहिलं. छापतील असं वाटत नाही. ज्वालामुखी होता ही बातमी, नव्हता ही कसली बातमी.

बाहेर आल्यावर केवळराम दोन महिन्यांनी बोलला. "सकार-संध्याकार त्या जागी जाऊन पाहाचं. ओल दिसली तं लगेच सांगाचं. गढूर आहे का साफ, ते बी. तुले कळते ते." झालं. माफ केलं वगैरे काही नाही. काम लावून दिलं.

९ ऑगस्ट

सहा दिवसांच्या बारा फेऱ्या, बाराही वेळा कोरडं. तलाव काठोकाठ भरला आहे.

रेणूचा फोन आला. मी सगळं सांगितलं, बांगडीसकट. ती म्हणाली, बाई, असा पुरावा दुसऱ्या कुणाकडं नाही, तलावाबद्दल पहिल्यांदा खरं लिहिता येईल, लिहाल का, मी मदत करते. माझ्या विद्यार्थिनीनं मला गृहपाठ दिला. घेतला.

म्हणून आज लिहायला बसले. कुणी बांधला, या पहिल्याच ओळीला अडले. केवळरामला हाक मारली. तो ओट्यावर बसला आणि त्यानं एका दमात सात पिढ्या सांगितल्या, मूळपुरुषापासून आमच्या बापापर्यंत, न अडखळता. सातही पुरुष.

"यांच्या बायका?" मी विचारलं.

"म्हनजे?"

"नावं."

तो बोटांवर मोजू लागला. आई सांगितली. आजी सांगितली. तिच्यापुढं थांबला. "पणजी कोन होती बाई? तुले माहीत असन."

मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही कुणाला. या सबंध डायरीत मी ज्यांना अडाणी म्हटलं आहे त्यांची यादी लांबलचक आहे, आणि मला माझ्या पणजीचं नाव सांगता येत नव्हतं.

गंगा आत तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "बिरजाबाई."

आम्ही दोघांनीही तिकडं पाहिलं.

"सासूबाईनं सांगितलं होतं. मी नवीन आली तवा, पारावर नेऊन. तिच्या आधीची ठगाबाई. तिच्या आधीची त्यांले बी आठवत नोती. डोक्यावर टोपलं असतानीच तिले कळा आल्या मनत, बस तेवढंच." सूप झटकून ती म्हणाली, "सुनेले सांगाचं असते ते. पोरीले नाई सांगत. पोरगी जाते ना."

मी कुठं गेलेच नव्हते. आई गेली तेव्हाही याच घरात होते. पण हे गंगाला काय सांगायचं.

सरकून तिच्याजवळ बसले, कागद गुडघ्यावर घेतला. तिला म्हटलं, पुन्हा सांग, सावकाश, मी लिहून घेते. तिनं हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून म्हणाली, "बिरजाबाई. ऱ्हस्व लिहा, बाई."